बंदराचा हिशेब कोणी मांडायचा?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी आम्हाला पत्र धाडले, त्यात विषय दिला होता : 'सागरी व्यापार, पर्यावरणाला जपणारी बंदरे आणि त्या क्षेत्रातील प्राध्यापकी'. विषय ऐकूनच निम्मी मुले मागच्या बाकावर सरकली असतील. त्यांचा दोष नाही. आम्ही नेमके काय करतो हे आमच्या नातेवाइकांनाही इतक्या वर्षांत समजलेले नाही. लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारतो, "तुम्ही बोटीवर असता ना?" आम्ही बोटीवर नसतो. आम्ही वर्गात असतो, आणि वर्गात नसलो तर एखाद्या धक्क्यावर वही घेऊन उभे असतो.

जहाज चालविण्याची विद्या वेगळी आणि जहाजाच्या व्यापाराची विद्या वेगळी. पहिलीसाठी मुंबईत १९२७ सालापासून 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज होते, त्यानंतर 'राजेंद्र' आले आणि पुढे 'चाणक्य' ही संस्था आली. त्या विद्येतून कप्तान आणि इंजिनिअर निघतात. दुसरी विद्या असे विचारते की, जहाजाचे भाडे कोण ठरवतो, माल याच बंदरात का उतरतो, शेजारच्या का नाही, बंदराची जमीन कोणाच्या मालकीची, आणि या सगळ्यात नफा कोणाच्या पदरात व धूर कोणाच्या घरात जातो. शेवटचा प्रश्न जुन्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. आज आम्हाला मुख्यतः त्याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम थोडा आवाका सांगतो. जगातील एकूण व्यापारापैकी वजनाने पाहिले तर ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. भारताच्या परदेशी व्यापारात हेच प्रमाण वजनाने सुमारे ९५ टक्के आणि किमतीने सुमारे ७० टक्के आहे. म्हणजे आपल्या घरातील खाद्यतेल, मोबाईलमधील सुटे भाग, गाडीतील पेट्रोल, यांपैकी बरेचसे कोणत्या ना कोणत्या धक्क्यावरून आलेले असते. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला, हे आपण दूरदर्शनवर पाहिले असेल. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. त्याचा फटका २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांना बसला. भाडे वाढले, प्रवासाचे दिवस वाढले. द्राक्षबागायतदाराला येमेन नकाशावर दाखविता येवो न येवो, त्याच्या पेटीचा भाव तिथे ठरला.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. या विद्येचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आपल्या डोळ्यांसमोर पडलेले आहे. जेम्स बर्ड नावाच्या ब्रिटिश भूगोल अभ्यासकाने १९६३ साली एक मांडणी केली. त्याचे म्हणणे साधे होते. बंदर प्रथम गावाला चिकटून, उथळ पाण्यात जन्मते. जहाजे मोठी होत जातात तसतसे ते खोल पाण्याकडे सरकत जाते. मागे जुन्या गोद्या राहतात, गुदामे राहतात, आणि माणसे राहतात. बर्डने हे ब्रिटनच्या बंदरांवरून लिहिले, परंतु वाचताना वाटते की तो भाऊच्या धक्क्यावर उभा राहूनच लिहीत असावा. मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा, आणि अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता आपण इंदिरा गोदी म्हणतो, तो १९१४ चा. नंतर १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि बघता बघता माल पलीकडे गेला. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या तर पुढे भरूनच काढल्या. आज न्हावा-शेवा वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळते. (हे मोजमाप वीस फुटी डब्याच्या हिशेबाने करतात. चाळीस फुटी डबा आला की तो दोन धरतात.)

हे सरकणे केवळ पाण्याच्या खोलीमुळे झाले नाही. ते एका पत्र्याच्या डब्यामुळे झाले. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूक करणाऱ्या माणसाची ती कल्पना होती. सुटा माल चढवायला टनामागे जवळपास ६ डॉलर लागत, डब्यातून तोच माल १६ सेंटच्या आसपास चढला असे सांगितले जाते. एवढा फरक पडल्यावर जुनी पद्धत टिकणे शक्यच नव्हते.

पण ते ६ डॉलर जात कुठे होते? गोदी कामगाराच्या मजुरीत. आमचे वडील गोदीत होते. त्यांच्या हातात गोण ओढायचा आकडा असे. आमच्या हातात आला तो कागदावरचा आकडा, एवढाच काय तो पिढीचा फरक. वडिलांच्या आधीच्या पिढीत तर कामाची शाश्वतीच नव्हती. सकाळी गोदीच्या दाराशी उभे राहायचे आणि तोलीवाला ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला त्या दिवशीचे काम. तोलीवाल्याचा वाटा त्यातच. १९४८ साली गोदी कामगार रोजगार नियमन कायदा झाला, १९५१ साली मुंबईसाठी त्याखाली योजना आली, नोंदणी झाली, पाळी ठरली, हजेरीचा किमान पैसा ठरला. पी. डिमेलो यांच्यासारख्यांनी उभारलेल्या संघटनेचे बळ त्यामागे होते. त्या नोंदणीमुळे कितीतरी घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला आणि त्या पगारातून मुले शाळेत गेली. आम्ही त्यांतलेच एक. पूर्वी एका बोटीवर आठवडाभर टोळ्या राबत, आता मोठे कंटेनर जहाज दिवसभरात रिकामे होऊन भरूनही निघते. टोळी गेली, क्रेनच्या केबिनमध्ये एक माणूस राहिला.

हे आम्ही कुरकुर म्हणून सांगत नाही. कंटेनर आला नसता तर व्यापार एवढा वाढला नसता, हे आम्हीच वर्गात शिकवतो. आमचे सांगणे एवढेच की, बंदराचा फायदा ज्या ठिकाणी मोजला जातो त्या ठिकाणी त्याचा खर्च पडत नाही. तो दुसरीकडे पडतो, आणि ज्याच्यावर पडतो त्याच्याकडे हिशेबाची वही नसते.

शेव्याचेच उदाहरण घ्या. न्हावा-शेवा हे नाव जगभरच्या मालवाहतुकीच्या कागदांवर छापलेले असते. त्यातील शेवा हे एक गाव होते. बंदरासाठी तेथील कोळीवाडा १९८० च्या दशकात उठवला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला. त्या नव्या वस्तीतील घरांना वाळवी लागली. दारे, चौकटी, कौलाखालची लाकडे पोखरली गेली आणि पुन्हा पुनर्वसन करा म्हणून लोक कित्येक दशके अर्ज-विनंत्या, उपोषणे, आंदोलने करीत राहिले. त्याच पट्ट्यात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले. १६ व १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे जे धोरण पुढे आले, ते या रक्तातून आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात साडेबारा टक्के हा नुसता एक दर असतो. जासईला तो दर नसतो.

आमच्या क्षेत्रात बंदराची कार्यक्षमता मोजण्याचा एक फार लोकप्रिय प्रकार आहे. त्याला डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस म्हणतात. नावाला घाबरू नका. एका बाजूला बंदराने काय वापरले ते लिहायचे, म्हणजे धक्क्याची लांबी, क्रेनची संख्या, यार्डाचे क्षेत्रफळ. दुसऱ्या बाजूला काय निघाले ते लिहायचे, म्हणजे कंटेनर. मग पन्नास बंदरांची तुलना करून सर्वांत सरस बंदराला पैकीच्या पैकी गुण द्यायचे. या पद्धतीने लिहिलेले निबंध ढिगाने छापले जातात. अलीकडे काही अभ्यासकांनी 'नको असलेले उत्पादन' म्हणून कार्बनचा रकाना त्यात जोडला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु उठवलेले गाव कोणत्या रकान्यात लिहायचे? वापरलेल्या वस्तूंत, की नको असलेल्या उत्पादनात? हा प्रश्न आम्ही एका परदेशातील परिषदेत विचारला तेव्हा सभागृहात थोडा वेळ शांतता होती. मग अध्यक्षांनी चहाची वेळ झाल्याचे सांगितले.

तरीही हिशेब मांडता येत नाही असे नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल दिला. बंदराच्या विस्तारामुळे, भरावामुळे भरती-ओहोटीचे मार्ग आणि मासळीच्या जागा गेल्या, असे त्यांचे म्हणणे होते. लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई ठरवली. त्यावर पुढे अपील झाले, तो भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावा. आम्हाला त्यातील गुणाकार महत्त्वाचा वाटतो. भागून पाहा, कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार येतात. आता विचार करा, हा आकडा कशावर अवलंबून असतो? एका कुटुंबाची रोजची मासळी किती रुपयांची धरली, वर्षातले किती दिवस धरले, किती वर्षे धरली, आणि मुळात कुटुंब कोणाला म्हटले. या चार गोष्टी ठरविणारा माणूस न्यायाधीशाच्याही आधी न्याय करून मोकळा होतो. तो माणूस बहुधा आमच्यासारखा कोणी प्राध्यापक किंवा सल्लागार असतो. त्याने कधी मासळीचा लिलाव पाहिला आहे की नाही, याने फरक पडतो.

येथे आमचा एक अनुभव सांगतो. किनाऱ्यावरील एका बंदर प्रकल्पासाठी बाधित लोकांची पाहणी करण्याचे काम आमच्याकडे आले होते. कंपनीचे नाव घेत नाही, त्याने काही साधायचे नाही. यादी करायची होती ती नोंदणीकृत होड्यांच्या मालकांची. आमचे विद्यार्थी पहाटे बंदरावर गेले तेव्हा दिसले की होडीच्या मालकामागे कितीतरी बायका त्या मासळीवर जगतात. कोणी लिलावात टोपली घेऊन डोक्यावरून सात-आठ गावे हिंडते, कोणी बोंबील वाळवते, कोणी ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवे काढते. त्यांत कोळी होत्या, कातकरी होत्या, आपल्या समाजातल्याही होत्या. एकीच्याही नावावर होडी नाही, म्हणून एकीचेही नाव यादीत नाही. आम्ही त्यांचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. प्रथम सूचना आली की हे परिशिष्टात टाका. नंतर सूचना आली की परिशिष्ट फार लांबले आहे. आम्ही कळवले की प्रकरण काढायचे असेल तर आमचे नावही काढा. दोन्ही निघाले. पुढच्या कामाचे पत्र अर्थात आले नाही.

परंतु एक गोष्ट आम्ही आधीच केली होती, आणि ती येथील प्रत्येक होतकरू संशोधकाने लिहून घ्यावी. करारावर सही करण्यापूर्वी त्यातील माहितीच्या मालकीचे कलम आम्ही वाचले होते आणि जमवलेली माहिती शैक्षणिक लेखनासाठी वापरण्याचा हक्क विद्यापीठाकडे राखून घेतला होता. त्यामुळे ते प्रकरण पुढे शोधनिबंध म्हणून छापता आले. ज्याला कलम वाचायचा कंटाळा येतो, त्याचे सत्य दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद होते.

आता पर्यावरणाला जपणारे बंदर, ज्याला हल्ली हरित बंदर म्हणतात, त्याकडे वळू. हा शब्द फार गुळगुळीत झाला आहे. धक्क्याजवळ चार नारळ लावले आणि छपरावर सौर पत्रे बसवले की फलकावर 'हरित' लिहायला लोक मोकळे होतात. खरा प्रश्न यंत्रांचा आहे. जहाज धक्क्याला लागले म्हणजे त्याची यंत्रे थांबली असे होत नाही. आतले दिवे, पंप, शीतकंटेनर यांसाठी पूरक इंजिने चालूच राहतात आणि तो धूर सरळ शेजारच्या वस्तीत जातो. त्यावर उपाय म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० साली मालवाहू जहाजांना अशी वीज देण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस बंदरात २००४ साली कंटेनर जहाजाला ती मिळाली.

लॉस एंजेलिसची कथा मुद्दाम सांगतो, कारण ती तेथील बंदराच्या उदारपणातून घडलेली नाही. नव्या टर्मिनलचा पर्यावरण अभ्यास नीट झाला नाही म्हणून शेजारच्या सॅन पेड्रोतील रहिवासी आणि पर्यावरण संघटना २००१ साली कोर्टात गेल्या. काम थांबले. २००३ साली तडजोड झाली आणि किनाऱ्यावरील वीज ही त्या तडजोडीतली एक अट होती. पुढे २००६ साली लॉस एंजेलिस व लाँग बीच या दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा आराखडा केला, दरवर्षी धुराचे मोजमाप छापायला सुरुवात केली, आणि २००५ च्या तुलनेत डिझेलचे सूक्ष्म कण ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. व्यापार मात्र थांबला नाही. शेजारी बंदराचा हिशेब मागू लागले की बंदर सुधारते, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर फार थोड्या ठिकाणी दिसले आहे.

तोच उपाय आपल्याकडे आणताना मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक तांत्रिक आहे. बरीचशी जहाजे ६० हर्ट्झवर चालतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मध्ये बदल करणारी महाग यंत्रणा लागते. दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने मोठी आहे. ती वीज येणार कुठून? कोळशाची असेल तर न्हावा-शेव्याचा धूर कमी झाला आणि चंद्रपूरला, कोराडीला वाढला, एवढाच त्याचा अर्थ. हरित बंदराचा फलक समुद्रावर आणि राख विदर्भात. जहाजाच्या इंधनाचेही तसेच झाले. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. फार मोठा निर्णय होता. तेव्हा कित्येक मालकांनी स्वच्छ इंधन घेण्याऐवजी धुराड्यात धूर धुणारे यंत्र बसवले, आणि त्यातल्या एका प्रकारचे धुतलेले पाणी सरळ समुद्रात जाते. हवेतले पाण्यात गेले. सिंगापूरसारख्या बंदराने आपल्या हद्दीत त्याला बंदी घातली. खर्च नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो, हे ज्याला दिसते तो आमच्या विषयाचा विद्यार्थी.

वातावरण बदलाच्या वाटाघाटी सध्या अर्धवट आहेत. जगातील हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांचे. २०५० च्या आसपास ते निव्वळ शून्यावर आणू, असे सागरी संघटनेने २०२३ साली ठरवले. त्यासाठी जहाजांच्या कर्बवायूवर आकार लावण्याचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये मान्य झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा स्वीकार एक वर्ष पुढे ढकलला गेला. आपल्याकडे २०२३ साली 'हरित सागर' ही मार्गदर्शक तत्त्वे आली आणि १९०८ चा जुना बंदर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला. ही सर्व कागदपत्रे वाचणारी, समजणारी आणि मराठीत समजावून सांगणारी माणसे हवी आहेत. वाढवणचे पाहा. डहाणूचा परिसर संवेदनशील म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९८ साली तेथील बंदर नाकारले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. मच्छीमारांचा विरोध आहे, रोजगाराची आशाही पुष्कळांना आहे. या दोन्हींवर ठाम मत देणारे आम्हाला रोज भेटतात. पर्यावरण अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला क्वचित भेटतो.

ही वाट आपली नव्हे, असे काही मुलांच्या मनात असेल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते हे आपण जाणतो. पण त्याच खात्याकडे पाणी आणि वीज होती, आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग त्यांच्याच काळात स्थापन झाला, हे भाषणांत फारसे येत नाही. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसातील नद्यांविषयी बोलताना पाणी हे नुसते बांध घालून पळवून लावायचे संकट नसून साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांसाठी वापरायचे धन आहे, अशा आशयाची मांडणी केली. जलवाहतूक हा विषय आपल्याकडे नव्याने आलेला नाही.

आता थोडे व्यवहाराचे. बारावीनंतर वाणिज्य, अर्थशास्त्र, भूगोल, अभियांत्रिकी, कायदा, कोणत्याही मार्गाने येथे येता येते. भारतीय सागरी विद्यापीठ २००८ साली स्थापन झाले, मुख्यालय चेन्नईला आहे आणि नवी मुंबईतही त्याची शाखा आहे. तेथे बंदर व नौवहन व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते. परदेशात स्वीडनमधील माल्मो येथे १९८३ पासून जागतिक सागरी विद्यापीठ आहे. रॉटरडॅम व अँटवर्प येथील विद्यापीठांतही सागरी अर्थशास्त्र जुने व भक्कम आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. अटी वरचेवर बदलतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक स्वतः वाचावे, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. २०२२ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे हनुमान कोळीवाड्यावर परदेशात प्रबंध लिहायचा तर अर्जापूर्वीच विषयाची आखणी विचारपूर्वक करावी लागते. हे योग्य झाले असे आम्हाला वाटत नाही.

पैशाचे खरे सांगतो. कप्तानाचा पगार प्राध्यापकाच्या कितीतरी पट असतो. पीएच.डी.ला चार-पाच वर्षे जातात आणि त्या काळात घरचे लोक विचारतात की नोकरी कधी लागणार. संख्याशास्त्र यायलाच हवे, त्यातून सुटका नाही. इंग्रजी लागते, पण ती शिकता येते. आम्ही मराठी शाळेतूनच गेलो. मुलींना विशेष सांगणे आहे. जगातील प्रमाणित खलाशी-अधिकाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण २०२१ च्या अंदाजानुसार सव्वा टक्क्याच्या आसपास होते. जहाजावर जागा कमी दिली गेली, तरी बंदराच्या अभ्यासात तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. आणि त्या टोपलीवाल्या बायका आमच्या मुलींशी जेवढ्या मोकळेपणाने बोलल्या, तेवढ्या मुलांशी बोलल्या नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

बोलणे बरेच लांबले. चिटणीसांशी बोलून एक कार्यक्रम ठरवला आहे. पावसाळा संपला की एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने उरणला जायचे. लाँच निघाली की मागे जुन्या गोद्या दिसतात आणि पलीकडच्या काठावर न्हावा-शेव्याच्या क्रेन. मोऱ्याला उतरून मासळीचा लिलाव पाहू आणि मग हनुमान कोळीवाड्यात जाऊ. तेथील काही मंडळींनी यायला सांगितले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत. लाँचचे भाडे संस्था भरणार आहे. वही आणि पेन मात्र प्रत्येकाने आपापले आणावे.

जयभीम.